ताटं वाळवायची रीत

शेवटच्या दिवशी दुपारी शालनने दवाखान्यात दोन-तीन चमचे पेज घेतली आणि ताटली बाजूला सारली. मी ती विसळली आणि सवयीने खिडकीपाशी उभा राहून हवेत हलवू लागलो. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टर थबकल्या. "काका, पुसायला फडकं देऊ का?" मी काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला, खोल गेलेला, पण ठसका तोच : "ऱ्हाऊ द्या हो सिस्टर. आफ्रिकेत येड लागलंय त्यास्नी." सिस्टर हसल्या. शालनही हसली असावी. मी पाठमोरा होतो... दुसऱ्या दिवशी पहाटे माझी बायको गेली. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आता काही आठवडे उलटलेत. सिस्टरना सांगायचं राहिलं ते इथे सांगतो.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. बोलणं कमी, वाचणं फार. त्यातही आफ्रिकेतल्या प्रवासांची पुस्तकं. शालन कोल्हापूरकडच्या नेसरीची. पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायचा क्लास चालवायची आणि तिचं शिकवणं रस्त्यावर ऐकू जायचं. तिच्या उजव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सांगितला होता. तो तिने आठवडाभर केला. "पाल चढल्यागत दिसालोय मी," म्हणाली, आणि सोडून दिला. कात्री टेबलावर चालत होती, तेवढं तिला पुरे होतं. पुढे तपासण्या बऱ्या आल्या. एके दिवशी माझ्या हातातलं पुस्तक तिने मिटलं. "किती वर्सं वाचालाय त्या आफ्रिकेचं? एकदा डोळ्यानं बघून येऊ की." हॉटेलांची सहल परवडणारी नव्हती. भाचीने शोधून काढला तो ट्रकचा प्रवास होता : नैरोबीपासून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत, देशोदेशीच्या अनोळखी माणसांबरोबर, मुक्कामाला तंबू, आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळं पाळीपाळीने आपणच करायचं.

ट्रक उंच होता, खिडक्या मोठ्या, बाकांखाली सामानाचे कप्पे. बरोबरचे बहुतेक जण आमच्या निम्म्या वयाचे. मला पुस्तकातलं इंग्रजी येत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. शालनला ती अडचण नव्हती. ती सरळ कोल्हापुरीत बोलायची. एक ताडमाड डच तरुण दारातच उभा राहायचा, त्याला ती म्हणायची, "ओ पावणं, सरका की जरा." तो सरकायचा. चार दिवसांनी तोच दुसऱ्यांना "सरका की" म्हणू लागला. तंबू हातात आला तेव्हा तिने आधी त्याच्या कडा उलटून पाहिल्या. "शिवण पक्की हाय," म्हणाली, आणि मगच आत शिरली. तो उभा करायला दोघं लागायची. एकाने खांब धरायचा, दुसऱ्याने कापड ताणायचं. माझ्याकडे खांब असायचा. सेरेंगेटीजवळ जाळीला भोक पडलं, ते तिने आपल्या सुईने असं बुजवलं की ट्रकचा चालक जोसेफ बोट फिरवून भोक शोधत राहिला.

पहिल्याच जेवणानंतर जोसेफने भांड्यांची रीत सांगितली. तीन टबांत भांडी धुवायची, पण फडक्याने पुसायची नाहीत. ओल्या फडक्याने एकाचं पोट बिघडलं की ट्रकभर पसरतं. म्हणून प्रत्येकाने दोन्ही हातांत ताटं धरून ती वाळेपर्यंत हवेत हलवायची. बघता बघता सगळं मंडळ अर्धगोलात उभं राहून हात झाडू लागलं. शालन पोट धरून हसली. "आत्ता गं बया! रिकामी सुपं पाखडाय लागल्यात न्हवं ही!"

तिने एकच ताट घेतलं, डाव्या हातात. दुसऱ्या दिवशीही डाव्याच. मग डच पाहुण्याने तिची थट्टा केली. तिचं एक वाळेपर्यंत त्याची चार झाली, असं त्याने बोटांनी दाखवलं. शालनला हरणं ठाऊक नव्हतं. तिने उजव्या हातातही ताट घेतलं. आधी कमरेशी, मग छातीशी... टांझानिया ओलांडेपर्यंत कोपर खांद्याच्या उंचीला आलं. झांबियात एका दुपारी ती बाभळीसारख्या एका झाडाखाली उभी राहून दोन्ही ताटं डोक्यावर हलवत होती आणि "पावणं, बघा की आता!" असं ओरडत होती. ताटांवरून ऊन माझ्या डोळ्यांत येत होतं. धबधबाही पुढे पाहिला. तो पुस्तकात लिहिलाय तसाच होता.

घरी आल्यावर तिने भांडी पुसायची फडकी काढून टाकली. जेवण झालं की आम्ही दोघं मागच्या दारात उभे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "शालनवहिनी, माश्या हाकलालाय व्हय?" "न्हाय वो, इमानाला हात दाखवालोय. परत जायचंय आमास्नी." खरंच जायचं होतं. या खेपेस नामिबियाचं वाळवंट. मी रोज तिचं ताट कुठवर जातं ते पाहायचो. डोक्याच्या वर गेलं की मला वाटायचं, झालं, आता काही नाही.

पुढे तो हात सुजू लागला. बाही बसेना. तिने शिवण उसवून आत राखलेल्या जादा कापडातून, मायेतून, ती सैल केली, काही आठवड्यांनी पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा बाही उलटून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. "माया सपली हिच्यातली. आता दुसरं कापड जोडाय पायजे." आजार परत आल्याचं डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. तो कधीपासून आत होता, असं मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. हात वर जातो की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. झांबियातल्या त्या दुपारीही तो तिथेच असेल...

मग ताटं मी एकटाच हलवू लागलो. ती दारात खुर्ची टाकून बसायची. "वर घ्या, वर. म्हातारं झाला काय?" एकदा म्हणाली, "वाळवंटाला तुमी जाऊन या." मी म्हटलं, "एकट्याला तंबू लावता येतो का?" मला वाटलं, ती काहीतरी युक्ती सांगेल. तिने थोडा वेळ विचार केला. "न्हाय येत," म्हणाली.

ती गेल्यावर मी जोसेफला कळवलं आणि तिने शिवलेल्या जाळीचा तंबू अजून आहे का, असं विचारलं. त्याने फार चांगलं लिहिलं, तिची नक्कल करून सगळे अजून हसतात म्हणाला. तंबू मात्र मागेच टाकून दिले होते, सगळे नवे आणले.

भेटायला येणारे सांगतात, हळूहळू सवय होईल. भाचीने ताटं निथळायला स्टीलची जाळी आणून ओट्यावर ठेवली आहे. ती छान आहे. तरी जेवण झालं की मी मागच्या दारात जातो. एका ताटाला कितीसा वेळ लागणार? चार हेलकावे दिले की वाळतं. आत येऊन मी ते मांडणीत लावतो. शेजारी तिचं ताट असतं. ते कोरडंच असतं.