वाळूचं जाकीट

एखादा उपाय लागू पडला, की आमच्या बाई अस्वस्थ व्हायच्या. फुलपाड्यातल्या विशेष मुलांच्या शाळेत त्या शिकवायच्या, मी शिवणकाम बघायची. "छान चाललंय ना? मग आता बंद करून बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मूल उपायानं सुधारलं की आपोआप, हे एरवी कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या खोकल्याचा काढाही त्यांनी असाच मध्येच सोडला, आणि खोकून खोकून आमचा जीव नकोसा केला.

या नियमातून सुटलं होतं ते फक्त वाळूचं जाकीट. अंगावर वजन असलं की चुळबुळं मूल एका जागी बसतं, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं. गुरूंपुढे बाईंचं काही चालत नसे. भुईगावच्या किनाऱ्यावरची वाळू धुऊन ती जाकिटं मीच शिवायची.

मग पाचूबंदरची एक मुलगी आली. जाकीट घातलं आणि ती बसू लागली. पण त्याच सुमारास तिची खुर्ची खडखडणाऱ्या पंख्याखालून हलवली होती, हे बाईंच्या ध्यानात आलं.

"जाकीट बंद करून बघू."

"नको ना काढू, बाय," तिची आई म्हणाली. "आता कुठं बसाला लागली. परत उठली तर कोन बघंल?"

जाकीट काढलं, तरी मुलगी बसून राहिली. खुर्ची पंख्याखाली नेली, तर जाकीट घालूनही कान दाबत उठली. पुन्हा लांब नेली, बसली. बाईंनी मग एकेका मुलाचं जाकीट काढून आणि घालून पाहिलं. कुणालाच फरक पडला नाही.

शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या घरीही जाऊन हे सांगायचं, असं बाईंनी ठरवलं.

"कशाला? लोक विसरले असतील," मी म्हटलं.

"मी नाही ना विसरले."

मीही गेले. प्रत्येक दारात मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोक चहा करायचे, वर आमचीच समजूत काढायचे, त्यानं तर जास्तच लाज वाटायची.

एका घरी आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी आता चांगली उंच झाली होती, खिडकीशी बसली होती.

"मॅडम, ती सारखी काढून टाकायची हो ते," आई म्हणाली. "घामोळ्यांनी पाठ भरायची. तुम्ही घालायलाच सांगितलेलं, म्हणून मी मारायचे तिला."

बाई उठून मुलीजवळ गेल्या. त्यांना ओळखताच ती घाईघाईनं उभी राहिली, पाठ केली, आणि जाकीट चढवून घेण्यासाठी दोन्ही हात मागे धरले.