खालच्या खोल्यांतली हळद

वसमतला आमचं घर रस्त्याला लागून आहे. यजमानांनी नोकरीत असतानाच वर मजला चढवला आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने देण्यासाठी ठेवल्या. "माझ्यामागं तुला आधार होईल," म्हणायचे. ते गेले आणि भाडेकरू नावाचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. एकाने भिंतीत इतके खिळे ठोकले की गिलाव्याच्या खपल्या निघाल्या. एका बाईने मोरीत भाताची पेज ओतून ओतून पाइप बुजवला आणि वर मलाच विचारलं, "घर लई जुनं हाय का?" हे सगळं मी गिळलं. हळदीचा व्यापारी मात्र गिळता आला नाही.

आला तेव्हा तोंडात नुसती साखर. "मावशी, माणसं ठेवायची न्हाईत, माल ठेवायचाय. ना पाण्याची कटकट, ना लेकरांचा गोंगाट. एक हंगाम फक्त." मला ते पटलं. भाडं तो वेळेवर द्यायचा, खोटं कशाला बोलू. पण पोती छताला टेकली आणि पिवळी धूळ जिन्यावरून माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचली. हमालांनी ओट्याची फरशी फोडली. बारीक किडे भिंतीवरून फिरायला लागले. काही म्हटलं की याचं एकच, "माल निघाला की सगळं करून देतो."

त्याच सुमारास माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. आता घराची मालकीण मी, आणि वर अडकून पडलेलीही मीच. खाली यायचं तर एकेका पायरीवर बसत, घसरत यायचं. भाजीवाली हाक मारून निघून जायची, मी अजून जिन्यातच. मला माझ्याच घराच्या खालच्या खोल्यांत राहायला जायचं होतं, एवढंच मागणं होतं.

"देतो ना मावशी, भाव आला की उचलतो," तो म्हणाला. करार संपला. भावही आला. "अजून चढायलाय," म्हणाला. वकिलाकडे गेले, तर दावा लावता येईल म्हणाले आणि निकाल कधी लागेल विचारल्यावर चष्मा पुसत बसले. मुलगा पुण्याहून फोनवर समजूत घालायचा, "आई, भांडू नको, मी दिवाळीत येऊन बघतो." आणि एक दिवस मी जिन्यात धापा टाकत बसले असताना हा मोबाइलवर भाव बघत समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, चढउतार पाहिजेच बगा. बसून राहिलं की गुडघे आखडतेत." त्याचा हमाल फिदीफिदी हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच पायरीवर मी ठरवलं, याची जिरवायची. नुसतं घालवायचं नाही, पुढे आठवण आली की हात चोळत बसला पाहिजे.

माझा धाकटा भाऊ कळमनुरीकडच्या आमच्या गावी हळद करतो. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, विकायला सोपं जावं म्हणून तो आपली पोती माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचा. त्याला घाई कशी ती माहीत नाही. भाव टोकाला गेला की तो नेमका माल काढायचा, म्हणून व्यापाऱ्यांचा त्याच्यावर डोळा असायचा आणि माझ्या भाडेकरूचा सगळ्यांत जास्त. जिन्यात बसून बसून या लोकांची रीत मला पाठ झाली होती. ज्याला विकायचंय तो दुसऱ्याला 'ठेवा' म्हणतो, ज्याला घ्यायचंय तो 'भाव पडणार' म्हणतो. त्यामुळे बोलण्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही. कोणाची पोती हलली, तेवढंच सगळे बघतात.

मी भावाला फोन केला. "तुझी हळद घेऊन जा."

"काहून? भाव तर चढून राहिला."

"विकू नको. घरी नेऊन ठेव. पण सकाळी ने, हा बसलेला असताना. अन् त्यानं काही विचारलं तर खरंखरं सांग."

तो हसायला लागला. "अक्का, तू लई वंगाळ हायेस."

टेम्पो आला त्या सकाळी मी मुद्दाम खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसले. व्यापारी दारात खुर्ची टाकून चहा पीत होता. भावाने हमालांना अशी घाई लावली, जशी काही मागे आग लागली होती. व्यापाऱ्याचा कप हातातच राहिला.

"मामा, आज एकदम काढली?"

"व्हय."

"काही खबर हाय का?"

"खबर कशाची? भाव अजून चढणार. तुमी ठेवा."

"मग तुमी काहून काढून राहिले?"

"इकत न्हाई. घरी नेऊन ठेवून राहिलो."

व्यापारी ओठ वाकडा करून हसला. एवढं तर लेकरूसुद्धा ओळखेल, असं ते हसणं होतं. टेम्पो मोंढ्याच्या दिशेने गेला, कारण गावाचा रस्ता तिकडूनच जातो. दुपारपर्यंत हा फोनवर फोन लावत अंगणात फेऱ्या मारत होता आणि दुसऱ्या दिवशी दाराला ट्रक लागला. मिळाला त्या भावात त्याने सगळा माल मोकळा केला. किल्ली हातात देताना म्हणाला, "सुटलो बगा मावशी, वेळेवर काढली." मी म्हटलं, "बरं केलं."

खोल्या धुतल्या, चुना दिला, तरी भिंती पिवळसरच राहिल्या. माझा पलंग खाली आला. भाजीवालीला मी दारातूनच हाक मारायला लागले. आणि तिकडे हळदीचा भाव चढला, थांबला, पुन्हा चढला. रोज भावाला फोन करून विचारायचे आणि प्रत्येक वेळी मला गोड झोप लागायची. कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या नुकसानीवर असं हरखू नये. त्यांनी माझा जिना चढून दाखवावा.

पुढे एका दुपारी तो आला. मी ओट्यावर उभी राहून फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला सूचना देत होते. चेहरा उतरला होता त्याचा. आत नाही बोलावलं, पाणी तेवढं दिलं.

"तुमच्या भावानं फसवलं मला," तो म्हणाला.

"त्यानं तर ठेवा म्हणलं व्हतं. माझ्यासमोर."

त्याने पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे भाव चढणार हे तुमाला आधीच म्हाईत व्हतं?"

"मला हळदीतलं काय कळतंय?" मी त्याच्या हातातून ग्लास घेतला. "मला फक्त तुमी कळले व्हते."