वैशाखातली गळती

चारठाण्यापासून कोसभरावर आमचं खेडं, आणि गावातल्या महादेवाचे आम्ही गुरव. वैशाखात देवाला ऊन बाधू नये म्हणून पिंडीच्या वर तांब्याचं भांडं टांगायचं. त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात कापडाची वात, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहायचं. हीच गळती. एक भांडं दोन-अडीच तास पुरायचं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ते कोरडं पडू द्यायचं नाही, हा आमच्या घराचा नेम. निजामाच्या राज्यात आम्हाला इनामाची जमीन होती ती याच चाकरीसाठी. गाभाऱ्यातल्या कामाला आमच्या घराबाहेरचं कोणी हात लावत नसे, त्यामुळे वैशाखात मी गावाला बांधलेला.

तिशीत माझं मन उडालं. देवावरून नव्हे, कामावरून, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर पंधरा वर्षं पाणी घालूनही मला तिथं देव एकदाही जाणवला नव्हता. दगड ओला झालेला तेवढा दिसायचा. लोक डोळे मिटून उभे राहत, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरे, आणि मला त्यांचा हेवा वाटे.

अशात औंढ्याला निघालेला एक बैरागी देवळात उतरला. माझी तळमळ ऐकून म्हणाला, "देव बघायचाय तर चल." दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडं काठोकाठ भरलं, बायकोला म्हणालो, "येतो जरा," आणि त्याच्यामागं निघालो. पुढचं पाणी ती घालणार हे मी गृहीतच धरलं. तिला विचारलंसुद्धा नाही, याची आज लाज वाटते.

वाटेत बैरागी नामाचं महत्त्व सांगत होता आणि मी मनात भांडं मोजत होतो. आता अर्धं झालं, आता तळाला गेलं, आता तिनं भरलं असेल. दुसऱ्या दिवशी सांजेला पूर्णेकाठी पोचलो. सकाळी त्यानं मला वडाखाली बसवलं, डोळे मिटायला लावले. बऱ्याच वेळानं विचारलं, "काय दिसलं?"

"तांब्याचं भांडं."

तो हसला. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात तिथी आठवली. घरात आम्ही दोघंच. बायको महिन्यातून तीन दिवस बाहेर बसे तेव्हा चूल-पाणी माझ्याकडे, म्हणून तिचे दिवस मला पाठ होते. उद्यापासून ती बाहेर बसणार होती. मग भांडं कोण भरणार?

बैराग्याला सांगितलं. तो म्हणाला, "ज्याच्या डोक्यावर गंगा, तो तुझ्या घागरीवाचून तहानेला राहील का?"

त्याच्या पाया पडलो आणि मागं फिरलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावात शिरलो. बायको देवळासमोरच्या लिंबापाशी बसली होती. सावली केव्हाच सरकून गेली होती, तरी ती तिथंच, दारातून आत बघत.

"सकाळधरनं कोरडं हाय," ती म्हणाली. "म्या इथूनच बघायले. दुसरं काय करू?"

मी विहिरीवर आंघोळ केली, घागर आणली, भांडं भरलं. वात वाळून कडक झाली होती. ती भिजून पहिला थेंब पडायला वेळ लागला. तो पडला तेव्हा मला रडू आलं. देव जाणवला म्हणून नव्हे. दगड तापला होता आणि मी तिथं नव्हतो, एवढंच.

देव बघायची ती तळमळ नंतरही गेली नाही. दर वैशाखात येते, चार दिवस छळते.

बैराग्यासंगं गेलो होतो हे तिला गावातून कळलंच होतं. त्या दिवशी ऊन कलल्यावर तिनं लांबूनच विचारलं, "देव भेटला का तिकडं?"

"न्हाई."

"आन् इथं?"

"इथंबी न्हाई."

तिनं कललेल्या उन्हाकडं बघितलं. मग म्हणाली, "भांडं तळाला गेलं आसंल. बघा जावा."

मी उठलो.