पथारीवरचे उच्चार

महजबीन बी.ए. झाली, तरी हिवाळ्यात जायची ती अम्मी जन्नतबीबरोबर नंदुरबारच्या मिरची पथारीवरच. मैदानभर वाळत घातलेल्या लाल मिरचीत बसून दिवसभर देठ खुडायचे. सुरतेच्या एका कॉल सेंटरनं तिची फोनवर मुलाखत घेतली होती. इंग्रजी येतं, पण उच्चार सुधारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोला, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पथारीबाहेर नेणारी एवढी एकच वाट होती, आणि पोरगी हात धुऊन तिच्या मागे लागली.

मोबाइलमधलं अ‍ॅप तिचा शब्द ऐकून हिरवा नाहीतर लाल रंग दाखवायचं. घरात उर्दू असल्यानं 'झेड' तिला फुकटात मिळालेला. छळलं ते दोन 'व'नी. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. आपण जन्मभर एकाच 'व'वर भागवतो, साहेबाला दोन लागतात. घरी एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही, म्हणून सराव पथारीवर. पण तिथं प्रत्येक बाई नाकातोंडाला फडकं बांधून बसते, आणि फडक्याआडचा शब्द अ‍ॅपला कळेना. महजबीननं फडकं हनुवटीवर ओढलं.

शेजारी बसणारी रूपलीबाई वीस वर्षं देठ खुडतेय. तिनं बजावलं, "तोंडवरनं फडकं काढू नको, पोरी. मिरची कोन्ही सगी नही."

महजबीन हसली. ठसका तर इथं सगळ्यांनाच लागतो. डिसेंबरात घसा बसला, तिनं गुळण्या केल्या. जानेवारीत खोकल्यातून रक्त आलं, ते अम्मीपासून लपवलं. रंग मात्र हिरवे होत होते. तिचा राग यावा की कीव, कळत नाही.

मार्चमध्ये सुरतेहून फोन आला. प्रत्येक 'व' जागच्या जागी पडला. बाई दोनदा म्हणाल्या, जरा मोठ्यानं बोला. तिसऱ्यांदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. शेवटी हळहळून म्हणाल्या, "उच्चार फार सुंदर झालेत तुमचे. पण ग्राहकाला ऐकू कसं जाणार?"

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फार उशीर केला, आवाज आता असाच राहणार. जन्नतबी आधी तिच्यावर तुटून पडली, मग तिलाच कवटाळून रडली.

हल्ली अम्मीला हाक मारायची असली, की महजबीन चमच्यानं ताट वाजवते.