गळती न सोसणारा माणूस

दत्ताजीरावांना गळती म्हणून सहन व्हायची नाही. नळ ठिबकला की ते भरल्या ताटावरून उठत. बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीची टाकी पाझरायला लागली, तेव्हा समितीची चर्चा संपायच्या आत ते वर चढून बसले होते. यात नवल ते काय? माणसानं उभी हयात मकरपुऱ्याच्या कारखान्यात इंजिनाची गळती अडवणारी ऑइल सील आणि गॅस्केटं बनवण्यात घालवली होती. पणजोबा गायकवाडांच्या पागेत घोडे सांभाळायचे, हे इंजिनं सांभाळायचे. रग मात्र तीच.

निवृत्त झाल्यावर ही रग जिरवायला त्यांना आपली जुनी पांढरी गाडी सापडली. हालोलच्या रस्त्यावर एकदा फटफटीचं तोंड लावलेल्या एका तीनचाकी छकडा रिक्षानं त्यांना मागे टाकलं आणि गृहस्थांनी ते फारच मनाला लावून घेतलं. लेथ चालवणारा जुना दोस्त लक्ष्मण हाताशी होताच. दोघांनी मोडीत निघालेल्या गाडीचा टर्बो आणून त्या बिचाऱ्या इंजिनाच्या गळ्यात बांधला. गाडी पळायला लागली खरी, पण कुसुमावती, म्हणजे दत्ताजीरावांच्या सौभाग्यवती, तिच्यात बसेनात.

कारण वास. इंजिनात पेट्रोल पेटलं की थोडा धूर पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली तेलाच्या कोठीत निसटतो. इंजिन कितीही नवं असो, निसटतोच. टर्बोनं हवा दाबून भरली की जास्तच. तो बाहेर पडावा म्हणून एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. मूळ गाडीत ही नळी तो धूर परत इंजिनाच्या तोंडाशी नेऊन सोडते, म्हणजे तो तिथेच जळून जातो. आपल्या या दोन विश्वकर्म्यांनी टर्बोच्या गडबडीत ती नळी सोडवली आणि तशीच मोकळी ठेवली. मग तो तेलकट वाफारा बॉनेटखाली घुटमळायचा आणि एसीच्या जाळीतून थेट कुसुमावतींच्या नाकात शिरायचा. बसल्याच तर लिंबू हुंगत हुंगत त्या कशाबशा मांडवीचा बाजार गाठत आणि परत येताना रिक्षा करत.

एरवी हे असंच चाललं असतं. पण देवासला कुसुमावतींची थोरली बहीण होती, निरुपमाताई. माहेर बडोद्याचंच, पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना रेल्वेची पायरी चढवेना, आणि कित्येक वर्षांत त्यांनी माहेर पाहिलं नव्हतं. एकदा फोनवर त्या म्हणाल्या, सुरसागर तलाव एकदा डोळ्यांनी पाहिला की मी सुटले. कुसुमावतींनी फोन ठेवला आणि पदराला डोळे पुसले. ते बघून दत्ताजीराव बोलून गेले, मी आणतो ताईंना. मुलगा समरजित वाघोडियाला नोकरीला, हिशेबी माणूस. तो म्हणाला, सरळ टॅक्सी सांगू. माझ्या मेहुणीला भाड्याच्या गाडीतून आणायचं? दत्ताजीरावांना ते वर्मी लागलं. शेवटी कुसुमावतींनी निकाल दिला: आधी मला पावागढपर्यंत नेऊन दाखवा. त्रास झाला तर टॅक्सी.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं नळी जागच्या जागी जोडली असती. पण सीलवाल्याला उघडी नळी दिसली की एकच सुचतं. त्यांनी ती बंद केली! आत बूच, वरून क्लिप, त्या क्लिपेवर आणखी एक क्लिप. थेंब बाहेर येईल तर शपथ.

जरोदपर्यंत वासाचा पत्ता नव्हता. कुसुमावतींनी लिंबू पर्समध्ये ठेवून दिलं आणि दत्ताजीराव शीळ घालायला लागले. मग त्यांनी ट्रक ओलांडायला पाय दाबला. टर्बोनं जोर केला, बॉनेटखाली फट्ट झालं आणि समोरची काच धुरानं भरून गेली. आत कोंडलेल्या दाबानं तेल मोजायची दांडी उडवून दिली होती आणि तेल तापलेल्या टर्बोवर शिंपडलं होतं. कुसुमावती रस्त्याच्या कडेला उभ्या राहून खोकत होत्या. गाडी दोरानं ओढत घरी आली. फाटकावर "काका, शुं थयुं?" विचारायला अख्खी सोसायटी हजर. घरात कुसुमावती भांडल्या नाहीत, त्याचंच दत्ताजीरावांना जास्त लागलं. टॅक्सी सांगून टाक, एवढंच त्या समरजितला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते इंजिन धुवायला बसले. दांडीच्या भोकात खोट नव्हती. मागचं सील पाझरत होतं, पण ते त्यांच्याच कारखान्याचं, त्यांच्याच हातचं. त्याला कुठल्या तोंडानं नावं ठेवणार? दाबच इतका होता की ते तरी काय करील. त्यांनी नळीतलं बूच उपटून काढलं. मग तसेच काळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. कुसुमावती मेतकुटासाठी डाळी भाजत होत्या.

"कुसुम, चुकलं माझं," ते म्हणाले. "त्याला वाट हवी होती, मी त्याचं तोंड दाबलं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द कुसुमावतींनी पहिल्यांदा ऐकले. त्यांनी गॅस बारीक केला आणि विचारलं, वाट दिली तर वास येणारच की. नाही यायचा, म्हणाले दत्ताजीराव, आणि ओट्यावर वाट्या मांडून सांगायला लागले. टर्बो जिथून हवा ओढतो त्या पाईपला नळी जोडायची, म्हणजे जोर चढला की धूर तिकडे आपोआप खेचला जाईल. गाडी उभी असताना इंजिन स्वतःच हवा ओढत असतं, म्हणून दुसरी नळी थेट इंजिनाच्या तोंडाशी. पण तिच्यात वन-वे वाल्व्ह हवा, नाहीतर टर्बोचा दाब उलटा तेलाच्या कोठीत घुसेल. आणि वाटेत एक डबा. वाफाऱ्यातलं तेल डब्यात बसेल, नुसती हवा पुढे जाईल. डबा मात्र अधूनमधून रिकामा करावा लागेल.

"म्हणजे गळतीला घर बांधायचं," कुसुमावती म्हणाल्या.

दत्ताजीरावांनी मान खाली घालून हो म्हटलं. कुसुमावतींनी फळीवरचा मेतकुटाचा स्टीलचा डबा काढला, परातीत पालथा केला आणि तेल अडवायला आत टाका म्हणून दोन नव्या तारेच्या घासण्यांसकट त्यांच्या पुढ्यात सरकवला. मग समरजितला फोन करून टॅक्सी थांबव म्हणाल्या. नवऱ्याचं इंजिन त्यांना कळलं होतं असं नाही, पण नवरा कळला होता.

लक्ष्मणनं डब्याला तोट्या जोडल्या. झाकणाचं गॅस्केट मात्र दत्ताजीरावांनी स्वतः कापलं, तेवढा मान त्यांचाच होता. नवं सील बसवलं, पावागढची परीक्षा पार पडली आणि दिवाळी झाल्यावर नवराबायको देवासला पोचले.

परतताना गुडघ्यांमुळे निरुपमाताई पुढे आणि कुसुमावती मागे बसल्या. झाबुआ गेलं, दाहोदचे चढ गेले. वास कसला तो नाहीच. आता कौतुक होणार म्हणून दत्ताजीराव सारखे आरशात बघत होते, पण कौतुक करणारं माणूस मान टाकून गाढ झोपलं होतं. लिंबू मांडीवरून घरंगळून सीटवर पडलेलं, न चिरलेलं. गाडीत बसलं की जीव मुठीत धरणारी त्यांची बायको त्यांच्या गाडीत घोरत होती. दत्ताजीरावांनी वेग कमी केला.

हालोलच्या अलीकडे मागून छकडा आला आणि भटभट करत पुढे निघून गेला. निरुपमाताईंना गंमत वाटली.

"दत्ताजीराव, टर्बो बसवलाय ना म्हणे तुम्ही?"

"हळू बोला, ताई," दत्ताजीराव म्हणाले. "कुसुम झोपलीय."