नाजूक पिनेवरचं कुंकू

सर्किट बोर्डांचं पाकीट आलं तेव्हा मी ते कात्री न शोधता हातानंच फाडलं. आत हिरवेगार बोर्ड होते, तळहातात मावणारे. त्यांच्यावरची तांब्याची प्रत्येक रेघ मी कित्येक महिने डोक्यात वागवली होती. पहिला बोर्ड उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरला, तर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत छापलेलं दिसलं: ‘डिझाइन’, आणि त्यापुढे आमच्या मॅनेजरच्या नावाची आद्याक्षरं. फाइल मी त्यांच्या हवाली केली तेव्हा त्या कोपऱ्यात काही नव्हतं. ऑर्डर पाठवण्याआधी त्यांनी माझ्या बोर्डावर एवढंच एक काम केलं होतं.

मी शिवी हासडली. मराठीत आणि चांगली मोठ्यानं, कारण लॅबमध्ये ती समजणारं कोणी नव्हतं. ज्यांना समजली असती ते वरच्या मजल्यावर आपल्या केबिनमध्ये बसले होते.

ते पुण्याचे, मी ठाण्याची. इथे कॅनडात, कॅल्गरीला नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घरी जेवायला नेलं, विंटर जॅकेट कुठलं घ्यायचं ते सांगितलं आणि म्हणाले, “सर काय म्हणतेस? दादा म्हण.” मी म्हणायला लागले. परक्या गावात कोणी आपलं म्हणून वागवलं की माणूस विरघळतो. मीही विरघळले, आणि तिथेच फसले.

आमची कंपनी लहान. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, स्वतः इंजिनिअर, कमी बोलणाऱ्या. छोट्या गावांच्या पाणीपुरवठ्यासाठी पाण्याची आम्लता मोजणारं यंत्र आम्ही करत होतो, आणि त्याच्या पोटात बसणारा बोर्ड माझा होता. मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा बोर्ड गिऱ्हाइकापुढे नीट चालला, तर पुढच्या सगळ्या यंत्रांची जबाबदारी तो ज्यानं काढला त्याच्याकडे जाईल. दादांना हे माझ्याआधी कळलं होतं.

मी वर जाऊन विचारलंच. “दादा, बोर्डावर तुमचं नाव कसं आलं?”

“अगं, तो फॉरमॅट असतो. शेवटी सगळं टीमचंच ना? डोंट टेक इट पर्सनली.”

मी हसले, बरं म्हणाले आणि खाली आले. मी डूख धरणारी बाई आहे. हा गुण आईकडचा. शेजारणीनं एकदा आमचं पुरणयंत्र नेलं आणि परत करताना त्याची जाळी हरवली, तर आईनं तिच्या मुलीच्या लग्नात फक्त अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी येऊन पिठलं-भात खाल्ला. त्या पिठल्याची चव तिला लग्नाच्या जेवणापेक्षा गोड लागली असणार, हे मला त्या दिवशी पटलं.

तरी बोर्ड जोडायचा होताच. मोहरीच्या दाण्याएवढे भाग चिमट्यानं जागेवर ठेवायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे, खालून ऊब द्यायची की कथलाचा राखाडी लेप वितळून एकाएकी चकाकतो आणि भाग आपोआप सरळ होऊन बसतात. हे बघायला मला अजूनही लहान मुलीसारखं आवडतं. या बोर्डावर एक पिन फार नखरेल होती. पाण्यात बुडवलेल्या काचेच्या कांडीकडून येणारा सिग्नल तिच्यावर उतरायचा, आणि तो इतका दुबळा की बोटाचा घाम लागला तरी आकडा हलायचा. म्हणून त्या बोर्डाला हातमोजे घातल्याशिवाय कोणी शिवायचं नाही, असा लॅबचा नियम मी केला होता. त्यात कॅल्गरीची हवा कोरडी, स्वेटर काढला तरी ठिणगी उडते आणि एका ठिणगीनं चिप मरते. त्यामुळे टेबलाशेजारी दिवसभर ह्युमिडिफायर वाफ सोडत असायचा.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे सगळे सण शनिवारी येतात, तशी ती, दसऱ्यासकट, शनिवारी आली. दादांनी शुक्रवारी सगळ्यांत चांगला चाललेला बोर्ड माझ्या टेबलावरून उचलला. “आपली आयुधं हीच. पूजेला ठेवू, लोकांना दाखवूही. यू मस्ट कम.”

“हातमोजे घालून धरा,” मी म्हणाले. ते तोपर्यंत जिन्यात होते.

त्यांच्या लिव्हिंग रूममध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. त्यात एक जुना तपकिरी बोर्ड, कॉलेजच्या दिवसांतला, खाली पितळी पट्टीवर ‘माझा पहिला बोर्ड’. येणाऱ्या प्रत्येकाला ते त्याची गोष्ट सांगतात. मी तो अनेकदा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी काहीतरी खटकायचं. तांब्याच्या रेघा काढण्याची प्रत्येकाची एक लकब असते, हस्ताक्षरासारखी. दादांच्या रेघा कवायतीतल्या पोरांसारख्या काटकोनात वळतात. फ्रेममधल्या रेघा मात्र नदीसारख्या गोल वळल्या होत्या. माणूस वयाबरोबर बदलतो, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

त्या दिवशी पाटावर लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर, मुलांचे कॅल्क्युलेटर, गाडीच्या किल्ल्या आणि मधोमध माझा बोर्ड. आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून शेजारच्या अस्पेनच्या झाडाची पिवळी पानं परातीत ठेवली होती. खरं तर सोनं म्हणून तीच जास्त शोभत होती. पाहुणे यायच्या आधी वहिनी, म्हणजे दादांची बायको, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. वहिनी नागपूरच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर. इथे आल्यावर मुलं, मग घर, मग मुलांचं हॉकी, यात त्यांचं काम राहून गेलं. दादा पाहुण्यांपुढे हमखास म्हणायचे, “हीसुद्धा इलेक्ट्रॉनिक्सवालीच बरं का! आता फक्त मिक्सरचं बटण दाबते.” लोक हसायचे. वहिनी पुऱ्या वाढायच्या.

“दाखव ना मला, काय काय आहे यात,” वहिनी म्हणाल्या.

मी दाखवलं. त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्या ऑफिसात कोणी विचारले नव्हते. पॉवर कुठून येते, सिग्नलातला नॉइज कसा गाळलास, ही पिन एवढी एकटी काहून ठेवलीस?

“ती फार नखरेल आहे, वहिनी. घाम लागला तरी रुसते. शेजारच्या पिनेवर तीन व्होल्ट आहेत ना, मध्ये जरा ओल आली की तिकडून करंट झिरपतो.”

वहिनींनी कोपऱ्यातली आद्याक्षरं वाचली. माझ्याकडे बघितलं. “तू काढला ना हा?”

मी मान डोलावली. त्या कुंकवाचं तबक आणायला आत गेल्या.

पूजेच्या वेळी दादांनी सगळ्यांना पुढे बोलावलं आणि “हा माझा नवा बोर्ड” अशी सुरुवात केली. मला ऐकवेना. मी उठून वॉशरूममध्ये जाऊन बसले आणि आरती संपल्यावरच बाहेर आले. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती, पण नागोबाला ओवाळताना पहिल्यांदाच ऐकत होते.

सोमवारी बोर्ड टेबलावर परत आला. मायक्रोस्कोपखाली घेतला तर नखरेल पिनेवर कुंकू. नुसती बोटाची टिकली नव्हती, ओलं करून लावलेलं, त्या पिनेपासून थेट शेजारच्या पिनेपर्यंत. कांडी पीएच सात असलेल्या चाचणीच्या द्रावणात बुडवली. आकडा सातवर यायला हवा होता. तो सहाच्या आसपास घुटमळत होता आणि हळूहळू आणखी खाली सरकत होता.

अल्कोहोलची बाटली हाताशी होती. कापूस होता. दोन मिनिटांचं काम होतं.

मी बाटलीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकापुढे प्रात्यक्षिक होतं, ते बिघडलं असतं तर कंपनीचं नुकसान होतं, हे मला ठाऊक होतं. पण बिघाड माझ्या मुठीत होता, आणि मला दादांना तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. चारचौघांत, चांगल्या उजेडात. मी फक्त माझी छोटी पेटी भरून ठेवली: कापूस, अल्कोहोल, शुद्ध पाणी, गरम हवेचा फुंका. त्या दिवशी डबा मी चवीनं खाल्ला.

प्रात्यक्षिकाला मालकीणबाई आणि गिऱ्हाइकाकडचे दोघे. दादा नवा ब्लेझर घालून उभे. “हे मी डिझाइन केलं,” त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता पुढे, “ही माझी टीम.” मग कांडी द्रावणात बुडवली. पडद्यावर सहा. मग पावणेसहा. मग त्याहून कमी. त्यांनी कांडी हलवली, केबल काढून परत लावली. आकडा घरंगळतच होता.

गिऱ्हाइकानं विचारलं, “हे असं का?”

दादांना विचार करायला एक श्वाससुद्धा लागला नाही. “बोर्डाचा लेआउट तिनं केलाय,” माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. “मी तिच्याबरोबर बसून तो तपासतो.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. याच वाक्याची मी वाट बघत होते.

“म्हणजे बोर्ड मी काढलाय,” मी म्हणाले. “एकदा सगळ्यांसमोर नक्की करूया.”

“ऑफकोर्स. पूर्णपणे तिचंच काम आहे. मी फक्त मॅनेज केलं.”

मालकीणबाईंनी चष्मा वर केला. मी हातमोजे चढवले, कापूस अल्कोहोलमध्ये बुडवला आणि त्या पिनेवर फिरवला. पांढरा कापूस लाल झाला. मी तो टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा बोळा, तोही लाल. तिसरा कोरा निघाला. फुंक्यानं वाळवून कांडी परत बुडवली. आकडा साडेसहावर येऊन अडला. कुंकू गेलं होतं आणि तरी काहीतरी उरलं होतं. मग मी शुद्ध पाण्यानं पुसलं, परत वाळवलं. आकडा चढत चढत सातवर आला आणि तिथेच बसला.

“ते लाल काय होतं?” मालकीणबाईंनी विचारलं.

“आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतात. चांगली पद्धत आहे. शनिवारी हा बोर्ड यांच्या घरी होता. जो बोर्ड काढतो त्याला तो उघड्या हातानं कुठे शिवू नये ते माहीत असतं.”

दादांचा चेहरा कापसाच्या लाल बोळ्यांशी स्पर्धा करत होता. मालकीणबाईंनी बोर्ड उचलला, हातमोजे मागून घेऊन, आणि कोपऱ्यातली आद्याक्षरं वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाल्या, “पुढच्या खेपेला इथलं नाव दुरुस्त करा.” बस. पण ते त्यांनी दादांना सांगितलं, आणि दुरुस्ती दादांना स्वतःच्या हातानं करावी लागली. फाइल माझ्याकडे तपासायला आली तेव्हा मी माझ्या नावाचं शेवटचं अक्षर जरा डावीकडे घ्यायला सांगून ती परत पाठवली. मग तेच अक्षर परत उजवीकडे घ्यायला सांगितलं.

मला पश्चात्ताप झाला का, असं मैत्रिणी विचारतात. नाही झाला. आजही नाही. तो कापूस मी फेकला नाही, लॅबच्या खणात एका डबीत आहे.

फक्त एक गोष्ट डोक्यात कुरतडत राहिली. कुंकू अल्कोहोलनं गेलं होतं. मग पाण्यानं काय गेलं?

नोव्हेंबरात विंटर टायर्स लावायला गेले, तर दुकानाच्या बाकावर वहिनी. त्यांचीही गाडी आत चढवलेली. शेजारी बसायला मला अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या नवऱ्याचं नाक मी कापलं होतं, आणि कुंकू तर त्यांच्याच तबकातलं होतं. मी काहीबाही बोलायला लागले, थंडी, टायर्स, यंदाचा बर्फ. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“मीठ सापडलं का गं तुला?”

“कसलं मीठ?” मी विचारलं.

“नुसतं कुंकू वाळून झडून गेलं असतं, बाई. म्हणून कालवताना चिमूटभर मीठ टाकलं, अन्‌ मग त्या पिनेवर लावलं. मीठ ओल धरून ठेवते, अन्‌ तुमच्याकडे तो ह्युमिडिफायर असतोच. अल्कोहोलनं मीठ निघत नाही, पाणीच लागते. तुला सुचेल, खात्री होती मले.”

“पण वहिनी, मला सुचलं नसतं तर? माझाच बोर्ड बुडाला असता.”

“सुचलं ना?” त्या हातातल्या कॉफीच्या कपाकडे बघत होत्या. “सगळ्यांपुढे ‘माझा बोर्ड’ म्हणाले त्या दिवशी. तसंच म्हणाले होते पंचवीस वर्षांमागं. तेव्हा माझ्यापाशी मीठ नव्हतं.”

मला फ्रेममधल्या त्या गोल रेघा आठवल्या. नदीसारख्या वळणाऱ्या.

“टीव्हीच्या वरचा,” मी म्हणाले.

“माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट. रात्रंदिवस एक करून हातानं काढला होता मी. लग्नानंतर सामानात आला. यांना इथं इंटरव्ह्यूला दाखवायला काहीतरी पाहिजे होतं, म्हटलं न्या. मग फ्रेम झाली. मग पट्टी लागली.” आतून त्यांच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, “पुढच्या खंडेनवमीला ये. लवकर ये. त्या वेळी पाटावर भिंतीवरचा बोर्ड ठेवणार आहे मी, अन्‌ पूजा झाल्यावर त्याची गोष्ट मी सांगणार आहे. यांच्या सगळ्या मित्रांना बोलावणार.”

मी जाणार आहे. या वेळी वॉशरूममध्ये जाऊन बसणार नाही, अगदी पुढे बसणार आहे, दादांचं तोंड नीट दिसेल अशा जागी.