देवीनं मागितलेलं माहेर

लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूबाई मला चौसाळ्याला, माहेरी, धाडत नव्हत्या. कधी ज्वारीची काढणी, कधी व्यालेली म्हैस. त्यांची कारणं काही संपत नसत. मोगलाई सरकारचा देवीची लस टोचणारा गावात आला, तेव्हा मी रिकाम्या कणगीत दडून बसले. एवढी मी हुशार! पुढच्याच चैत्रात अंगभर देवी उठल्या.

आमच्याकडे देवी आलेलं माणूस माणूस राहत नाही, साक्षात देवीच होतं. घरात फोडणी बंद, भांडण बंद, आणि देवी मागेल ते द्यायचं. एरवी मला “अगं ए” म्हणणाऱ्या सासूबाई उशाशी कडुलिंबाचा डहाळा घेऊन “माय, थंड व्हा” म्हणू लागल्या. पण हे सुख भोगायला मी शुद्धीवर कुठे होते? चार दिवस डोळे चिकटलेले, घशाखाली पाणी उतरेना. शेजारणी तर मी गेलेच असं धरून रडूनही गेल्या.

पाचव्या दिवशी जीभ सुटली. अंगाची आग होत होती, मरणाची भीती वाटत होती, तरी सुचली ती लबाडीच. आवाज जाड करून मी म्हणाले, “सून बरी झाली की तिला दोन महिने माहेरी धाड! संगं तुपातल्या पुरणपोळ्या दे!”

सासूबाईंनी पायांवर डोकं ठेवलं. “धाडते, माय. पोर तेवढी जिती ठेव.”

मी बरी होऊन उठले. तोंडावर वण राहिले, पण डोळे वाचले. सासूबाईंनी खरोखरच गाडी जुंपायला लावली, पोळ्यांची दुरडी आत ठेवली. मग मात्र मला राहवेना. मी सगळं कबूल केलं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “देवीला थंड दहीभात लागतो. तुपातली पोळी तुलाच लागती.”

“मग आत्याबाई, पाया कावून पडलात?”

“चार दिस तुझ्या तोंडात शबुद न्हवता. देवी बोलली का तू बोललीस, मला काय करायचं? कुणीतरी बोललं न्हवं!”

मी त्यांच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले. जगले याचा एवढा आनंद मला तोवर झालाच नव्हता. गाडीवानाला वाटलं, बेत मोडला. तो बैल सोडू लागला.

“आरं, सोडतो कावून?” सासूबाई त्याच्यावर ओरडल्या. “सुनेला शबुद दिलाय म्या.”